गेमच्या नकाशातला हिरवा रंग काढला तेव्हा

आमच्या गेमचा विषय मराठ्यांची पोर्तुगीजांविरुद्धची वसईची मोहीम, १७३७ ते १७३९. नकाशात साष्टी बेट, ठाण्याची खाडी, घोडबंदर, वसई. पहिली आवृत्ती उपग्रहातून टिपल्यासारखी होती. देखणी, पण खेळायला कुचकामी. सगळंच हिरवंगार, त्यात मराठ्यांचा मुलूख कुठे संपतो आणि पोर्तुगीजांचा कुठे सुरू होतो तेच कळेना. उंचीचे रंग आणि मालकीचे रंग एकमेकांवर चढत होते.

मग रंग फक्त मालकीपुरते ठेवले. जमीन फिकट पिवळसर, डोंगर बारीक तिरक्या रेघांनी, किनाऱ्याला गडद दुहेरी रेघ. खाडी मात्र मुद्दाम खऱ्यापेक्षा रुंद काढली. प्रमाणात काढली तर मोबाइलवर दिसतच नाही, आणि इथे सारा डाव खाडी ओलांडण्याचा! भूगोलाच्या मास्तरांनी माफ करावं. पोर्तुगीज मुलखावर आडवे पट्टेही टाकले, कारण लाल-हिरव्यातला फरक न कळणारे खेळाडू असतातच.

तपासायची रीत सोपी: स्क्रीनशॉट कृष्णधवल करून अंगठ्याएवढा करायचा. ठाण्याचा किल्ला (आज तिथे कारागृह आहे) कुणाच्या ताब्यात, हे तेव्हाही कळलं पाहिजे. कळव्याच्या मित्राला लोकलच्या गर्दीत उभ्याउभ्या दाखवला, त्याने लगेच सांगितलं. जहाजांची चिन्हं मात्र त्याला होड्याच वाटली. ती आता मोठी करतोय.