गिटारचं पेडल बॅटरीवर चालवायचं तर

गणपतीच्या मंडपात लाइट, साऊंड आणि पेडलचा (गिटारचा आवाज बदलणाऱ्या, पायाने दाबायच्या डबीचा) अडॅप्टर असं सगळं एकाच जनरेटरवर असलं, की गिटारच्या तारांना हात न लावताही अँपमधून घरघर येत राहते. रंकाळ्याच्या काठावर किंवा पन्हाळ्याला वाजवायचं ठरलं, तर अडॅप्टर खुपसायला प्लगच नसतो. दोन्हीवर उपाय एकच, ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी. पण किटवरून घरी जोडलेली आणि स्वस्तातली बरीच पेडलं नुसत्या अडॅप्टरच्या जॅकवर चालतात. त्यांत बॅटरीची सोय मागाहून करता येते. काम तासाभराचं, सोल्डरचे नवे जोड अगदी मोजके. मात्र जोड कुठे द्यायचा आणि का, हे पक्कं समजून घ्या. इथली चूक लगेच दिसत नाही. पेडल झकास वाजतं आणि बॅटरी दोन दिवसांत बसते, किंवा अडॅप्टर लावल्यावर आतली बॅटरी गरम होऊन गळते.

आधी करंट मोजा

पेडल उघडण्याआधी एक छोटी वायर तयार करा: एका टोकाला ९ व्होल्टची बॅटरी क्लिप, दुसऱ्या टोकाला २.१ मिमीची डीसी पिन. गिटार पेडलमध्ये बहुतेक वेळा मधली पिन निगेटिव्ह असते. म्हणून क्लिपची काळी वायर पिनच्या मधल्या टोकाला आणि लाल वायर बाहेरच्या टोकाला. हे आपल्या घरातल्या इतर अडॅप्टरांच्या उलट आहे, तेव्हा पेडलवरची खूण बघूनच जोडा. पेडलवर '९ व्होल्ट एसी' लिहिलं असेल तर तिथेच थांबा, त्याला बॅटरी चालणार नाही. १८ व्होल्ट मागणाऱ्या पेडलला दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये लागतात.

आता क्लिपचं एकच टोक बॅटरीवर बसवा, निगेटिव्हचं. क्लिप आडवी फिरवून दुसरं टोक मोकळं ठेवा. मल्टीमीटर २०० मिलिअँपिअरवर लावून लाल प्रोब बॅटरीच्या लहान गोल बटणाला, म्हणजे पॉझिटिव्हला, आणि काळा प्रोब क्लिपच्या मोकळ्या टोकाला लावा. इनपुटला केबल घालून पेडल चालू करा. आकडा दिसेल तो त्या पेडलचा खप. डिजिटल पेडल असेल तर आधी त्यावर किंवा सोबतच्या कागदावर छापलेला आकडा बघा. २०० च्या वर गेलं तर मीटरचा फ्यूज उडतो.

साधं ॲनालॉग ओव्हरड्राइव्ह किंवा डिस्टॉर्शन ५ ते १० मिलिअँपिअर घेतं. डिजिटल डिले किंवा रिव्हर्ब ५० ते १०० आणि त्याच्याही वर. अल्कलाइन ९ व्होल्टची क्षमता कमी लोडवर ५०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास असते. म्हणजे ८ मिलिअँपिअरच्या पेडलला हिशेबाने ६० तास, पण आवाज बिघडायच्या आत ४० धरा. गणपतीचे दहा दिवस, रोज ३ तास, म्हणजे ३० तास. एका बॅटरीत अख्खा उत्सव निघतो. १०० मिलिअँपिअरच्या पेडलला तीच बॅटरी तीन-चार तासही धड पुरत नाही, कारण जास्त लोडवर तिची क्षमताही घटते. अशा पेडलच्या पोटात ९ व्होल्टची बॅटरी बसवूच नका. बाहेर ६ अल्कलाइन पेन्सिल सेलांचा होल्डर ठेवा, वरच्यासारखीच डीसी पिन लावा आणि मध्ये एक स्विच टाका. व्होल्टेज तेच, पण साठा चौपटीच्या आसपास.

दुकानात मिळणारी स्वस्त ९ व्होल्टची बॅटरी बहुधा झिंक-कार्बन असते. पाठीवर '६एफ२२' लिहिलेलं दिसेल. अल्कलाइनवर '६एलआर६१' असतं. झिंक-कार्बनची ताकद निम्म्याच्या आसपास धरा. यूएसबीने चार्ज होणाऱ्या लिथियम ९ व्होल्टमध्ये आत कन्व्हर्टर असतो, आणि जास्त गेनच्या (सिग्नल खूप वाढवणाऱ्या) पेडलमध्ये त्याची बारीक शिट्टी ऐकू येऊ शकते. घ्यायच्या आधी स्वतःच्या पेडलवर वाजवून बघा.

दोन जॅक, दोन स्विच

बॅटरीच्या पेडलला वेगळा ऑन-ऑफ स्विच नसतो. ते काम दोन जॅक वाटून घेतात: निगेटिव्ह इनपुट जॅकमधून जातं आणि पॉझिटिव्ह डीसी जॅकमधून. सगळी खुबी एवढीच.

इनपुटला मोनो जॅक असेल तर तो काढून ६.३५ मिमीचा स्टिरिओ जॅक लावा. त्याला तीन टर्मिनल असतात: टिप, रिंग, स्लीव्ह. टिपला सिग्नल आणि स्लीव्हला ग्राउंड, जसं होतं तसंच. बॅटरी क्लिपची काळी वायर रिंगला. गिटारची केबल मोनो, तिच्या पिनला वेगळी रिंग नसते. त्यामुळे पिन आत गेली की तिचा धातू जॅकमधली रिंग आणि स्लीव्ह एकमेकांना जोडतो, बॅटरीचं निगेटिव्ह ग्राउंडला मिळतं आणि पेडल चालू होतं. केबल काढली की बंद. म्हणूनच काळी वायर रिंगशिवाय कुठेही लागता कामा नये. 'ग्राउंडच आहे की' म्हणून ती बोर्डावर किंवा डब्याला जोडली, की बॅटरी रात्रंदिवस चालू राहते.

कुठलं टर्मिनल कुठलं, हे डोळ्यांनी ठरवू नका, कंपन्या क्रम बदलतात. मीटर बीपवर ठेवा. मोनो केबल घातल्यावर जी दोन टर्मिनल बीप देतात आणि काढल्यावर गप्प होतात ती रिंग आणि स्लीव्ह. त्यातलं जे जॅकच्या नटाशीही बीप देतं ते स्लीव्ह.

आता डीसी जॅक. यालाही तीन टर्मिनल, आणि तिसरं बहुतेक वेळा रिकामं सापडतं. एक मधल्या पिनचं, म्हणजे निगेटिव्ह. दुसरं बाहेरच्या पत्तीचं, तिथून बोर्डाला पॉझिटिव्ह जातं. तिसऱ्यावर ती पत्ती टेकून बसलेली असते. अडॅप्टरची पिन आत शिरली की ती पत्तीला ढकलते आणि तिसरं टर्मिनल सुटं होतं. बॅटरीची लाल वायर या तिसऱ्या टर्मिनलला. अडॅप्टर नसताना बॅटरी पत्तीतून बोर्डाकडे जाते, अडॅप्टर लागताच आपोआप तुटते. मधली पिन निगेटिव्ह ठेवायची रीत का आली, त्याचं उत्तर याच जॅकमध्ये आहे. स्विच बाहेरच्या पत्तीवर असल्याने पॉझिटिव्ह तिथेच ठेवणं सोयीचं.

जॅक प्लॅस्टिकच्या बॉडीचाच घ्या. पूर्ण धातूच्या जॅकमध्ये बाहेरची पत्ती बॉडीला जोडलेली असते. आपल्याकडे ती पॉझिटिव्ह आणि ॲल्युमिनियमचा डबा ग्राउंड. नट आवळला की थेट शॉर्ट.

बॅटरी बदलताना अंधारात क्लिप क्षणभर उलटी टेकतेच, आणि तेवढ्यानेही आयसी जाऊ शकतो. म्हणून लाल वायरमध्ये, क्लिप आणि तिसऱ्या टर्मिनलच्या मध्ये, १एन५८१७ हा शॉटकी डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) टाका. त्याची पट्टी जॅककडे हवी. व्होल्टेज ०.२ ते ०.३ ने उतरतं, कानाला काही कळत नाही. साधा १एन४००१ इथे नको, तो ०.६ ते ०.७ खातो.

पेडल जुन्या पद्धतीचं जर्मेनियम पीएनपी ट्रान्झिस्टरचं फझ (आवाज खरखरीत करणारं पेडल) असेल तर त्यात ग्राउंड पॉझिटिव्ह असतं. तिथे वरचं सगळं उलटं होईल, सर्किटचा कागद समोर घेतल्याशिवाय हात लावू नका.

जागा आणि जोडकाम

बॅटरी साधारण ४८ × २६ × १७ मिमीची. १२५बी, १५९०बी, १५९०ए ही पेडलच्या ॲल्युमिनियम डब्यांच्या मापांची नावं. १२५बी डब्यात ती आरामात मावते. १५९०बी मध्ये जॅक एकमेकांसमोर असतील तर बोर्ड थोडा सरकवावा लागतो. १५९०ए मध्ये नाद सोडा, बाहेरची वायर वापरा. डब्याला नवं भोक पाडायचं असेल आणि घरी ड्रिल नसेल, तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुठल्याही वर्कशॉपला ते काम पाच मिनिटांचं आहे. फक्त डबा पूर्ण रिकामा करून न्या. ॲल्युमिनियमचा एक बारीक कीसही बोर्डावर राहिला तर नंतर शोधून शोधून जीव जातो.

२५ वॉटची सोल्डरिंग आयर्न, ६०/४० सोल्डर, ७/०.२ ची (०.२ मिमीच्या सात तारांची) मल्टिस्ट्रँड वायर आणि हीटश्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) एवढं पुरे. फ्लक्स रोझिनचाच घ्या. पत्र्याच्या कामाचा ॲसिड फ्लक्स वापरला तर काही महिन्यांत जोड हिरवे पडतात. टर्मिनल आधी तापवा, मग सोल्डर लावा. चांगला जोड वायरीच्या कडेने पसरतो आणि चकाकतो. गोळा होऊन बसलेला, मळकट दिसणारा जोड कच्चा, तो पुन्हा तापवा. डीसी जॅकवर मात्र तीन सेकंदांच्या वर थांबू नका. प्लॅस्टिक मऊ होऊन पत्ती तिरकी होते, मग ती तिसऱ्या टर्मिनलवर टेकत नाही आणि बॅटरीवर पेडल मुकं राहतं.

बॅटरीची बॉडी धातूची असते. बोर्डाच्या मागच्या टोकदार पायांवर ती घासली की वरचं वेष्टण फाटतं आणि शॉर्ट होतो. पाय कटरने कापा आणि मध्ये २-३ मिमीचा साधा फोम ठेवा. आयसीसोबत येणारा काळा फोम नको, त्यातून वीज वाहते.

बॅटरी लावण्याआधी तीन चाचण्या घ्या. केबल नसताना क्लिपची काळी बाजू आणि डबा यांच्यात बीप यायला नको. केबल घातल्यावर यायला हवा. अडॅप्टरची पिन घालून, पण अडॅप्टर प्लगला न लावता, डीसी जॅकचं तिसरं टर्मिनल आणि पत्तीचं टर्मिनल यांच्यात बीप नको. शेवटची चाचणी चुकली तर अडॅप्टर बॅटरीला चार्ज करायला जाईल, आणि साधी अल्कलाइन बॅटरी चार्ज करणं धोक्याचं आहे.

एलईडीकडे बघा

इथे थोडक्यात मोठी बचत होते. दोन ट्रान्झिस्टरच्या फझचं सर्किट जेमतेम १ मिलिअँपिअर घेतं, पण लाल एलईडीला १ किलोओहमचा रेझिस्टर असेल तर एकटा एलईडी ७ खातो. ९ मधून एलईडीचे २ व्होल्ट वजा, उरले ७, भागिले १००० ओहम. तिथे ४.७ किलोओहम लावला तर खप १.५ वर येतो. एकूण ८ चा अडीच झाला, म्हणजे बॅटरी तिपटीने चालेल. हाय-ब्राइट एलईडी तेवढ्यातही स्टेजवर नीट दिसतो.

घरघर गेली नाही तर

बॅटरीने अडॅप्टरची आणि एका अडॅप्टरवर अनेक पेडलं जोडल्याने होणारी घरघर जाते. गिटारमधल्या सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याच्या) पिकअपची जात नाही. गिटार हातात धरून जागेवर फिरा. दिशा बदलली की आवाज कमी-जास्त होत असेल तर दोष पेडलचा नाही.

आणखी एक गोष्ट जीवाशी संबंधित आहे. पेडल बॅटरीवर असलं तरी केबलच्या शील्डमधून गिटारच्या तारा अँपच्या बॉडीला जोडलेल्याच राहतात. मंडपात अँपची अर्थिंगची पिन तुटलेली असेल तर शॉक तितकाच लागेल. ओल्या स्टेजवर आधी अर्थिंग तपासून घ्या, मग गिटार हातात घ्या.

चालता चालता पेडल बंद पडत असेल तर आधी इनपुट जॅकची रिंगची पत्ती बघा. स्वस्त जॅकमध्ये ती सैल पडते. केबल अर्धवट बसली किंवा कुणी स्टिरिओ पिनची केबल लावली तरी बॅटरीवरचं पेडल चालत नाही. ट्रू बायपास पेडलची बॅटरी संपली तर पायाने बंद केल्यावर गिटारचा आवाज सरळ पुढे जातो. बफर बायपास (बंद असतानाही सिग्नल सर्किटमधून नेणारं) असेल तर सगळंच गप्प होतं, म्हणून अशा पेडलसाठी खिशात एक जादा बॅटरी ठेवा. नवी अल्कलाइन मीटरवर साधारण ९.५ व्होल्ट दाखवते. केबल घालून, पेडल चालू असताना ७.५ च्या खाली दिसली तर कार्यक्रमाआधीच बदला.

पावसाळ्यात कोल्हापूरची दमट हवा क्लिपच्या पत्र्यावर हिरवट थर चढवते. तो खोडरबराने निघतो. पेडल महिनाभर वापरायचं नसेल तर बॅटरी काढून ठेवा आणि मोकळ्या क्लिपवर टेपचा तुकडा चिकटवा.