रोमचा इतिहास चांदीच्या टंचावरून कसा वाचावा

माझी भाची स्पर्धा परीक्षेची तयारी करते. गेल्या पावसाळ्यात रोमच्या सम्राटांची यादी घेऊन ती नाशिकच्या सराफ बाजारातल्या आमच्या दुकानात आली. "मामा, पाठच होत नाही हे," म्हणाली. मी यादी बाजूला ठेवायला लावली आणि तिच्या हातात कसोटी, म्हणजे चांदी घासून पाहायचा काळा दगड, दिली. तीस वर्षं चांदी तपासतोय. राज्य आतून पोकळ व्हायला लागलं की ते आधी नाण्यात कळतं. तिला शिकवलं तसंच इथे सांगतो.

वहीत आडवी रेघ ओढा आणि तिच्यावर मोजकीच सालं मांडा. इ.स.पू. 509, प्रजासत्ताक. इ.स.पू. 27, ऑगस्टस. इ.स. 117, ट्राजनच्या अखेरीस साम्राज्याचा सर्वांत मोठा विस्तार. 235, अंदाधुंदीची सुरुवात. 476, पश्चिम रोमन साम्राज्याचा शेवट. 1453, पूर्वेच्या साम्राज्याची राजधानी कॉन्स्टँटिनोपल तुर्कांच्या हाती. बाकीची नावं यांच्या आधाराने लक्षात राहतात.

आता रेघेखाली टंच लिहा, म्हणजे नाण्याच्या शंभर भागांत चांदी किती ते. डिनेरियस हे चांदीचं नाणं इ.स.पू. 211 च्या सुमारास, हॅनिबलशी युद्ध चालू असताना आलं. ऑगस्टसच्या वेळी टंच 95 च्या वर. इ.स. 64 मध्ये नीरोने वजन आणि टंच दोन्ही उतरवलं. सेप्टिमियस सेव्हेरसच्या काळात चांदी निम्म्यावर आली. 215 साली त्याचा मुलगा कॅराकॅला याने नवं नाणं काढलं, किंमत दोन डिनेरियसची आणि चांदी जेमतेम दीडाची! इथे थांबा आणि स्वतःला विचारा, वाचलेली चांदी गेली कुठे? मुख्यतः सैन्याच्या पगारात. या बापलेकांनी तो भरपूर वाढवला होता. 260 नंतर नाण्यात 5 टक्केही चांदी उरली नाही, वर नुसता मुलामा.

मुलामा म्हणजे काय, हे हाताने करून बघा. वरवर घासलं तर मुलाम्याचं पैंजणही कसोटीवर चांदीचीच रेघ देतं. म्हणून आधी कानशीने खाच पाडायची, मग आतला धातू घासायचा आणि चांदी तपासायचं तेजाब लावायचं. अस्सल रेघ लालभडक होते, भेसळीची होत नाही. दोन रेघा शेजारी पाहिल्या आणि भाचीला तिसरं शतक कळलं.

पण टंच उतरला म्हणून रोम पडलं, असं उत्तरपत्रिकेत लिहू नका. 235 ते 284 मध्ये वीसहून अधिक सम्राट झाले, सीमेवर गॉथ आणि इराणी, घरात साथ. 301 मध्ये डायोक्लेशियनने मालाच्या कमाल किमती ठरवून दिल्या, त्या टिकल्या नाहीत. पुढे कॉन्स्टँटाइनने साडेचार ग्रॅमचं सोन्याचं सॉलिडस पाडलं. पूर्वेकडे त्याचा कस जवळपास सातशे वर्षं टिकला. पश्चिमेचं मात्र 439 मध्ये कार्थेज गेलं, आणि त्याच्याबरोबर आफ्रिकेचा महसूल आणि धान्यही. माझ्या मते 476 पेक्षा हे साल जास्त जपून ठेवावं.

वारसा शोधायला लांब जायला नको. 'दीनार' हा शब्द डिनेरियसचाच, गुप्तकाळात आपल्याकडे सोन्याच्या नाण्याला तेच नाव होतं. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी पुस्तिकेत नोंद आहे, की भडोचला रोमची सोन्याचांदीची नाणी नेऊन स्थानिक नाण्यांशी बदलली की नफा होतो. त्याच सुमाराचा नहपान हा क्षत्रप, म्हणजे शक राज्यकर्ता. त्याच्या चांदीच्या नाण्यांवर ग्रीक अक्षरं आहेत. आपल्या जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला 1906 मध्ये ही नाणी 13,000 हून अधिक सापडली, त्यांतली बरीचशी गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारून पुन्हा चालवलेली.

शेवटी एका सकाळी पांडवलेणी चढा. 10 क्रमांकाच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचे दानलेख आहेत. एकात 70,000 कार्षापण (चांदीची नाणी) म्हणजे 2,000 सुवर्ण (सोन्याची नाणी) असा हिशोब दगडात कोरलाय, आणि 35 ला एक हा भावही. भाचीने उभ्या उभ्या गुणाकार केला. बरोबर आला.