रेंडर लावायच्या आधी रीळ दाखवा

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या ॲनिमेशनच्या क्लासला पोरं येतात ती ब्लेंडर (संगणकावर थ्रीडी ॲनिमेशन करायचं सॉफ्टवेअर) उघडूनच. पहिला महिना मी ते बंद ठेवायला लावतो. चित्रकार आणि सिनेमावाल्या बाबूराव पेंटरांच्या गावात "आधी चित्र काढून बघ" हे सांगावं लागतं, म्हणजे बघा!

४ मिनिटांची फिल्म, सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे ५,७६० फ्रेम. एक फ्रेम रेंडर व्हायला, म्हणजे संगणकानं तिचं पक्कं चित्र बनवायला, १० मिनिटं धरली तर एका मशिनवर ४० दिवस. आणि मग कळलं की गोष्टच बसली नाही, तर? माझं तेच झालं. अंबाबाईच्या देवळाबाहेर ताटातूट झालेल्या चपलांची फिल्म केली. डावी चप्पल उजवीला सारखी टोचून बोलायची, मला ते लई भारी वाटायचं. बघून आई म्हणाली, "हरवली ते बरंच झालं की."

तर जाड कागदाची पोस्टकार्डाएवढी कार्डं कापा. एका कार्डावर एकच घडामोड. चेहरे वाकडे आले तरी चालतंय, कोण कुठं बघतोय ते कळलं पाहिजे. फोटो काढून एडिटिंगच्या ॲपमध्ये ओळीनं लावा. संवाद मित्रांकडून बोलून घ्या (पंखा बंद करून), आणि संवाद जेवढा लांब तेवढा वेळ चित्र ठेवा. झालं स्टोरी रीळ.

पिक्सारचा 'टॉय स्टोरी' १९९५ साली आला, पूर्ण लांबीचा, सगळा संगणकावर केलेला पहिला चित्रपट. पण १९ नोव्हेंबर १९९३ च्या शुक्रवारी त्याला पैसे लावणाऱ्या डिस्नेच्या लोकांना त्याचं असंच रीळ दाखवलं आणि काम थांबलं. त्यातला नायक वुडी, काउबॉय बाहुला, इतका तुसडा, की बझ या नव्या अंतराळवीर खेळण्याला मुद्दाम खिडकीबाहेर ढकलायचा. पात्रं धारदार करा म्हणून लकडा लावला होता तो डिस्नेच्याच जेफ्री कॅट्झेनबर्ग यांनी! पुढच्या तीनेक महिन्यांत पटकथा नव्यानं लिहिली, वुडी माणसात आला, १९९४ मध्ये काम परत सुरू झालं. गोष्ट अजून चित्रांतच होती, म्हणून मोडून बांधता आली.

नायकही मशिनला झेपेल तोच घ्या. त्या काळी संगणकावर सगळं प्लास्टिकसारखं दिसायचं, म्हणून खेळणी. पिक्सारच्याच १९८८ च्या 'टिन टॉय' या छोट्या फिल्मला ऑस्कर मिळालं. त्यातलं पत्र्याचं खेळणं झकास, पण बाळ बघून मला अजून दचकायला होतं.

रीळ ॲनिमेशनवाल्यांना दाखवू नका, ते रेषा बघत बसतात. शेजारच्या काकूंना दाखवा. मध्ये काही समजावून सांगू नका. त्यांचा हात मोबाईलकडे कधी गेला, तो सेकंद लिहून ठेवा.

माझ्या चपलांचं सध्या तिसरं रीळ चाललंय. डावी आता बोलतच नाही. काल आई १ मिनिट ५० सेकंदांना कुकर बंद करायला उठली. शिट्टी झालीच नव्हती. तिथली सहा कार्डं काढून टाकलीत.