सी-९-ऑर्फ-७२ जनुकाचा अभ्यास करताना या चुका टाळा

इंदुरात जैवतंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांचे प्रकल्प तपासताना सी-९-ऑर्फ-७२ या जनुकाबाबत त्याच त्या चुका दरवर्षी समोर येतात, आणि त्यांची सुरुवात नावापासूनच होते. हे नाव म्हणजे पत्ता आहे, पेशा नव्हे. नवव्या गुणसूत्रावरील ७२ क्रमांकाची वाचनचौकट (प्रथिनाचा संकेत असू शकणारा डीएनएचा पट्टा), एवढेच ते सांगते. राजवाड्यामागचे घर म्हटल्याने घर सापडते, आत राहणारा सराफ की वैद्य हे कळत नाही. त्यामुळे नावावरून प्रथिनाचे कार्य ठरवू नये.

सर्वांत मोठा घोळ पुनरावृत्तीचा. २०११ मध्ये असे आढळले, की एएलएस (स्नायू चालवणाऱ्या चेतापेशींचा ऱ्हास) आणि फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया (मेंदूच्या पुढच्या व बाजूच्या भागांचा ऱ्हास) यांच्या अनेक रुग्णांत या जनुकातील जीजीजीजीसीसी हा सहा अक्षरी तुकडा शेकडो ते हजारो वेळा येतो. निरोगी माणसांत तो बहुधा वीस-पंचवीसच्या आतच असतो. यावरून 'प्रथिनात तोच घटक पुन्हा पुन्हा येतो' असे बेधडक लिहिले जाते. हंटिंग्टन रोगात तसे घडते खरे, पण येथे ही पुनरावृत्ती पहिल्या इंट्रॉनमध्ये, म्हणजे प्रथिन बनण्यापूर्वी कापून टाकल्या जाणाऱ्या भागात, असल्याने ती मूळ प्रथिनात उतरत नाही. मात्र पेशी याच पुनरावृत्तीच्या आरएनएपासून, नेहमीच्या आरंभसंकेताशिवाय, पाच प्रकारची वेगळीच द्विअमिनो पुनरावृत्ती-प्रथिने (दोन अमिनो आम्लांची जोडी पुन्हा पुन्हा येणारी) तयार करते. ही प्रथिने आणि मूळ प्रथिन यांची गल्लत अहवालात होता कामा नये.

मूळ प्रथिनाचीही दोन रूपे आहेत, एक ४८१ अमिनो आम्लांचे आणि दुसरे २२२ चे. वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिने आकारानुसार वेगळी करून प्रतिपिंडाने ओळखण्याच्या चाचणीत) पट्टी दिसली की 'प्रथिन सापडले' असे लिहून मोकळे होण्यापूर्वी ती कोणत्या रूपाची, हे आकारमानावरून पाहावे. आणि हे जनुक काढून टाकलेल्या पेशींत तीच पट्टी नाहीशी होते की नाही, याची खात्री करून घ्यावी, कारण प्रतिपिंड दुसऱ्याच प्रथिनाला चिकटून फसवे निघू शकते.

लघुवाचनाच्या नेहमीच्या एक्झोम चाचणीत (जनुकांचे प्रथिन-संकेत असलेले भाग छोट्या तुकड्यांत वाचणारी चाचणी) काही आढळले नाही म्हणून पुनरावृत्तीचा विस्तार नाही, असे समजू नये. त्यासाठी पुनरावृत्ती-प्राइम्ड पीसीआर (पुनरावृत्ती वाढली आहे का, हे दाखवणारी डीएनए चाचणी) आणि, लांबी जाणून घ्यायची असल्यास, सदर्न ब्लॉट (डीएनएच्या तुकड्यांचा आकार मोजणारी चाचणी) लागतो.

'प्रथिन कमी झाले म्हणून आजार झाला' हे वाक्यही सहजासहजी लिहू नये. हे जनुक काढून टाकलेल्या उंदरांची प्लीहा वाढते आणि प्रतिकारयंत्रणा बिघडते, पण त्यांना एएलएससारखा आजार होत नाही.