शोधक आणि शोध: ‘जोड्या लावा’च्या पुढची तयारी

प्रश्नमंजुषा असो की स्पर्धा परीक्षा, शोधकांचा भाग बहुतेक जण शेवटच्या दिवसावर ढकलतात. एडिसन आणि दिवा, बेल आणि टेलिफोन, वॉट आणि वाफेचं इंजिन, मार्कोनी आणि रेडिओ हे शाळेपासून तोंडपाठ असतं. प्रश्न काढणाऱ्यालाही ते माहीत असतं, आणि म्हणूनच सगळ्यांत जास्त गुण याच चार नावांवर जातात. तेव्हा वही उघडल्यावर पहिलं काम म्हणजे दोन रकान्यांची जुनी यादी मोडून चार रकाने आखणं: नाव, त्याने नेमकं काय केलं, साल कशाचं आहे, आणि त्याच्या आधी त्याच वाटेवर कोण होतं. शेवटचा रकाना भरायला वेळ लागतो. तो कोरा ठेवून पुढे जाऊ नका.

सुरुवात वॉटपासून करा. किटलीच्या झाकणाची गोष्ट वहीत घेऊ नका. ती दंतकथा म्हणून सोडून द्या. खाणीतलं पाणी उपसणारं न्यूकॉमेनचं वाफेचं इंजिन 1712 पासून चालत होतं, म्हणजे वॉटच्या जन्माच्याही आधीपासून. ग्लासगो विद्यापीठात अशाच इंजिनाची एक प्रतिकृती वॉटकडे दुरुस्तीला आली, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की दर फेरीला तोच सिलिंडर तापवायचा आणि तोच थंड करायचा, यात बहुतेक वाफ फुकट जाते. 1765 मध्ये त्याला उपाय सुचला: सिलिंडर कायम गरम ठेवायचा आणि वाफ थंड करायला वेगळं पात्र जोडायचं. पेटंट 1769 चं, आणि कारखानदार मॅथ्यू बोल्टनशी भागीदारी 1775 ची. म्हणून वॉटच्या पुढे ‘वाफेचं इंजिन’ असं न लिहिता ‘वेगळा कंडेन्सर’ लिहा. हे एकदा नीट बसलं की पर्यायांत न्यूकॉमेनचं नाव दिसल्यावर गडबड होत नाही.

दिव्याच्या बाबतीत तर चौथा रकाना चांगलाच लांबतो. हम्फ्री डेव्हीने कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये विजेची ज्योत पेटवून दाखवली ती एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला. इंग्लंडमध्ये जोसेफ स्वान कार्बनच्या तंतूवरच काम करत होता. एडिसनचं 1879 चं यश म्हणजे चांगल्या निर्वात फुग्यात बराच वेळ टिकणारा कार्बनचा तंतू. टंगस्टनची तार नंतरची आणि दुसऱ्यांची. ‘एडिसन – टंगस्टन’ हा पर्याय दिसला की सावध व्हा. स्वानशी भांडत बसण्यापेक्षा एडिसनने इंग्लंडमध्ये त्याच्याबरोबर एकत्र कंपनी काढली, हेही टिपून ठेवा. माझ्या मते एडिसनचं खरं मोठेपण दिव्यापेक्षा न्यूयॉर्कमधल्या पर्ल स्ट्रीटच्या वीजकेंद्रात आहे. 1882 मध्ये सुरू झालेल्या त्या केंद्राने वीज विकत घेता येईल अशी केली. आणि ज्यावर कुणी फारसा दावा करत नाही असा त्याचा शोध हवा असेल, तर 1877 चा फोनोग्राफ लिहा. अमेरिकेतली त्याची पेटंटं 1,093. हा आकडा विचारला जातोच.

सनावळी पाठ करताना ‘साल कशाचं’ हे सोबत लिहिलं नाही तर पाठांतर वाया जातं. बेलचंच बघा. पेटंटसाठी अर्ज 14 फेब्रुवारी 1876 ला, त्याच दिवशी त्याच कार्यालयात टेलिफोनसाठीच एलिशा ग्रेचीही नोंद. पेटंट मिळालं 7 मार्चला. सहकारी वॉटसनला हाक मारल्याचं ते प्रसिद्ध वाक्य तारेतून गेलं 10 मार्चला, म्हणजे यंत्र नीट बोलायच्या आधीच कागद हातात आला होता! राइट बंधूंचंही तसंच: 17 डिसेंबर 1903 ला एक नव्हे, चार उड्डाणं झाली. पहिलं ऑर्व्हिलचं, 12 सेकंद आणि 120 फूट. शेवटचं विल्बरचं, 59 सेकंद आणि 852 फूट. प्रश्नात ‘पहिलं’ आहे की ‘त्या दिवशीचं सर्वांत लांब’, हे वाचूनच उत्तर द्या.

आता यादीवरून पुन्हा एकदा पेन्सिल फिरवा आणि आधीपासून निसर्गात असलेलं कुणाला सापडलं, नसलेलं कुणी घडवलं, अशा खुणा करा. राँटजेनला 1895 मध्ये क्ष-किरण सापडले. त्याने त्यांचं पेटंट घेतलं नाही आणि 1901 चं भौतिकीचं पहिलं नोबेल त्याला मिळालं. फ्लेमिंगला 1928 मध्ये बुरशीचा परिणाम दिसला, पण पेनिसिलिन औषध म्हणून उभं राहिलं ते ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी आणि चेन यांच्या हातून. 1945 चं नोबेल तिघांना मिळून आहे. एकट्या फ्लेमिंगचं नाव लिहून पुढे जायची सवय इथेच मोडा.

काही नावं अशी आहेत की वस्तू त्यांच्यामुळे घरोघरी गेली, पण पहिला मान त्यांचा नाही. यांचं एक स्वतंत्र पान करा. फोर्डने मोटार शोधली नाही. कार्ल बेंझचं पेटंट जानेवारी 1886 चं आहे आणि फोर्डचं मॉडेल टी 1908 चं. फोर्डच्या नावावर 1913 ची सरकत्या पट्ट्यावरची मोटारजोडणी लिहा. सिंगरच्या आधी एलायस हाउचं 1846 चं शिवणयंत्राचं पेटंट होतं, आणि त्यापायी सिंगरला हाउला पैसे मोजावे लागले. ओटिसने लिफ्ट नाही, दोर तुटला तरी पाळणा जागच्या जागी धरून ठेवणारा ब्रेक दिला. गॅलिलिओच्या दुर्बिणीआधी 1608 मध्ये हॉलंडात लिपरशेने पेटंटसाठी अर्ज केला होता. छपाईत गटेनबर्गच्या आधी चीनमध्ये बी शेंगने अकराव्या शतकात मातीचे सुटे खिळे (अक्षरांचे ठसे) केले होते, तर कोरियात धातूच्या खिळ्यांनी छापलेलं 1377 चं पुस्तक आजही आहे. अर्थात गटेनबर्गचं महत्त्व त्याने कमी होत नाही. खिळे ओतायची पद्धत, तेलाची शाई आणि दाबयंत्र या तिन्हींची मोट त्याने बांधली.

एकाच कामाची दोन-तीन नावं असतील तिथे सगळी नावं एकाच ओळीत पाठ करा. ट्रान्झिस्टर, 1947: बार्डीन, ब्रॅटन, शॉकली. एकात्मिक परिपथ (चिप): किल्बी 1958, नॉइस 1959, नोबेल 2000 साली किल्बीला मिळालं, कारण नॉइस 1990 मध्येच वारला होता. दूरदर्शन: बेअर्डचं फिरत्या चकतीचं प्रात्यक्षिक 1926, फार्न्सवर्थचं इलेक्ट्रॉनिक 1927. जेट इंजिन: व्हिटलचं पेटंट 1930, पण जेटवरचं पहिलं विमान ओहाइनच्या इंजिनाने 1939 मध्ये उडालं. रेडिओला सगळ्यांत जास्त वाटेकरी आहेत. विद्युतचुंबकीय लहरी प्रयोगाने सिद्ध केल्या हर्ट्झने, 1890 च्या दशकात जगदीशचंद्र बोस अतिसूक्ष्म लहरींवर प्रयोग करत होते, टेस्लाची पेटंटं होती, आणि 1909 चं नोबेल मार्कोनीला ब्राउनबरोबर वाटून मिळालं. इंटरनेट आणि वेब यांची सरमिसळ तर हमखास होते: टीसीपी/आयपी, म्हणजे इंटरनेटवरच्या संगणकांनी एकमेकांशी बोलायचे नियम, सर्फ आणि कान यांचे, वेब टिम बर्नर्स-ली यांचं, 1989, सर्न ही युरोपातली संशोधनसंस्था.

स्त्री शोधकांवर एखादा प्रश्न असतोच आणि तयारी मात्र एका नावाची असते. भांडी धुण्याचं यंत्र जोसेफिन कॉक्रेन, गाडीच्या काचेचा वायपर मेरी अँडरसन, केव्हलर हा गोळी अडवणाऱ्या जाकिटांतला मजबूत धागा स्टेफनी क्वोलेक, एवढं तरी ठेवा. हॉलिवूडची अभिनेत्री हेडी लमारने वायफाय शोधलं असं सर्रास सांगितलं जातं, ते तसं लिहू नका. तिचं आणि जॉर्ज अँथाइलचं 1942 चं पेटंट पाणतीराला संदेश पाठवताना वारंवारिता सतत बदलत ठेवण्याचं आहे.

उजळणी करताना पहिला रकाना झाकून तिसऱ्यावरून नाव ओळखायचा सराव करा, कारण प्रश्न बऱ्याचदा उलट्या बाजूने येतो. आणि परीक्षेत ‘टेलिफोनचा शोध कोणी लावला?’ असा सरळसोट प्रश्न आला, पर्यायांत ग्रे नसला, तर टेलिफोनचा आणखी एक दावेदार मेउच्ची आठवून पेन थांबवू नका. बेल लिहा आणि पुढच्या प्रश्नाकडे वळा. प्रश्नात ‘सुधारणा’, ‘पेटंट’, ‘प्रात्यक्षिक’ किंवा ‘व्यापारी उत्पादन’ यातला एखादा शब्द दिसला, तर मात्र तिथे अर्धा मिनिट जास्त द्या.