जुन्या चर्चचं कौलारू छप्पर गळतंय? आधी मुखभिंतीमागे बघा

वसई, गोवा, तळकोकणातल्या जुन्या चर्चचं छप्पर गळलं की फुटकी कौलं बदलतात, आणि पुढच्या पावसात गळती पुन्हा तिथेच. पाणी बऱ्याचदा मुखभिंतीमागून येतं. ही दर्शनी भिंत छपराहून उंच असते. कौलं तिच्या पाठीला टेकतात आणि त्या सांध्यावर सिमेंट थापलेलं असतं. लाकूड फुगतं, आकसतं. भिंत हलत नाही. सिमेंट तडकतं आणि आढ्याचं भिंतीत शिरलेलं टोक कुजतं.

गळतीच्या खुणा भर पावसात, आतून विजेरी घेऊन खडूने करा. थेंब पडतो त्याच्या वर वाशावरचा ओघळ शोधत जा. काम मात्र दिवाळीनंतर काढून एप्रिलअखेर संपवा. वास्तू संरक्षित असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी घ्या.

कौलं दोन्ही उतारांवरून सारखीच उतरवा, नाहीतर भार एकीकडे कलून कैच्या (छपराच्या त्रिकोणी लाकडी चौकटी) सरकतात. वाशांची टोकं पेचकसाने टोचा. सहज रुतला, तर घट्ट लाकडापर्यंत कापा आणि त्याच जातीचा तुकडा जोडा. सांध्याची लांबी वाशाच्या जाडीच्या तिप्पट तरी हवी. भिंतीतल्या टोकाभोवती बोटभर फट राहू द्या. गिलाव्यात कोंडलेलं लाकूड पुन्हा कुजतं.

आता कौलं, म्हणजे बहुधा मंगळुरी. मंगळूरला बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेचा कौलांचा कारखाना १८६५चा. म्हणजे त्याहून जुन्या चर्चवर ही कौलं नंतर चढली. टिचकी मारून खणखणीत वाजेल ते कौल ठेवा, बद्द वाजेल ते टाका. शेवाळ काथ्याच्या ब्रशने, साध्या पाण्यानेच काढा. दोन कारखान्यांच्या कौलांच्या खाचा जुळत नाहीत, म्हणून जुनी एका उतारावर, नवी दुसऱ्यावर. चौरस मीटरला साधारण १५ कौलं लागतात. फूटतूट धरून दहा टक्के जास्त आणा. रिपांचं (कौलं ज्यांना अडकतात त्या आडव्या पट्ट्यांचं) अंतर अंदाजाने ठरवू नका. अकरा कौलं एका रांगेत आधी दाबून, मग ताणून, पहिल्याच्या वरच्या कडेपासून अकराव्याच्या वरच्या कडेपर्यंत मापा, दोन्ही मापांची सरासरी काढून दहाने भागा. ते बहुधा ३२ सेंटिमीटरच्या आसपास येतं.

कोने (आढ्यावरची कौलं) सिमेंटमध्ये नको, एकास तीन चुना-वाळूत बसवा.

आता मुखभिंत. सिमेंट खरवडून भिंतीत अडीच सेंटिमीटर खोल खाच पाडा. शिशाच्या पत्र्याचे मीटर-दीड मीटरचे तुकडे खालून वर, एकावर एक १० सेंटिमीटर चढवा. भिंतीवर १५ सेंटिमीटर उभा पत्रा हवा. वरची कड खाचेत घालून चुन्याने बुजवा. पत्रा कौलांना खिळू नका, तो मोकळा सरकला पाहिजे. शेवटी पाइपने पाणी सोडा: आधी पागोळीकडे, मग हळूहळू वर, प्रत्येक टप्प्यावर दहा मिनिटं, आणि आत एक माणूस विजेरी घेऊन उभा.