‘बंद’ आणि ‘ब्लाइंड’ : इंधन टर्मिनलवरील शब्द शिकताना

मेकॅनिकल डिप्लोमा पूर्ण करून मी डिचोलीहून वास्को परिसरातील एका इंधन टर्मिनलवर प्रशिक्षणार्थी म्हणून रुजू झाले, तेव्हा तांत्रिक शब्द पाठ करण्यासाठी एक वही केली होती. जहाजातून उतरवलेले पेट्रोल आणि डिझेल पाइपलाइनने टाक्यांपर्यंत येते. त्या वाटेवरील प्रत्येक वस्तूचे नाव इंग्रजी असले, तरी कामावरचे बोलणे कोकणी, मराठी आणि हिंदीतून चालते. म्हणून मी प्रत्येक शब्दापुढे एक मराठी प्रतिशब्द लिहीत गेले आणि नेमकी तिथेच फसले.

एका दुरुस्तीच्या वेळी वरिष्ठांनी विचारले, “लाइन ब्लाइंड केली का?” माझ्या वहीत ‘ब्लाइंड करणे’ म्हणजे ‘बंद करणे’ असे होते आणि व्हॉल्व्ह बंद असल्याचे मी स्वतः पाहिले होते, म्हणून मी होकार दिला. फ्लँजचे, म्हणजे पाइपांची टोके जोडणाऱ्या कड्यांचे, बोल्ट सैल करण्यापूर्वी अनुभवी फिटरने स्वतः जाऊन खात्री केली आणि काम थांबवले. “व्हॉल्व धांपला, पण ब्लाइंड खंय आसा?” (व्हॉल्व्ह बंद केला, पण ब्लाइंड कुठे आहे?) एवढेच तो म्हणाला. व्हॉल्व्हची सीट, म्हणजे बंद होताना झडप जिथे टेकते ती जागा, झिजली किंवा तिच्यात कचरा अडकला, तर बंद व्हॉल्व्हमधूनही इंधन झिरपते. ब्लाइंड मात्र दोन फ्लँजच्या मध्ये बसवलेली भरीव पोलादी चकती असते.

मग त्याने मला स्पेक्टॅकल ब्लाइंड दाखवला. चष्म्यासारख्या या जोडपट्टीची एक बाजू भरीव असते आणि दुसरीला भोक असते. बाहेर भोक दिसत असेल, तर भरीव बाजू आत आहे, म्हणजे वाट अडवलेली आहे. नवखा माणूस भोक पाहून नेमके उलटे समजतो, त्यामुळे या शब्दापुढे मी अर्थाऐवजी चित्र काढले.

मापांचे शब्दही असेच चकवतात. ‘८ इंची’ पाइपाचा बाहेरचा व्यास २१९.१ मिलिमीटर, म्हणजे ८ इंचांहून जास्त असतो. १४ इंचांपासून पुढे मात्र नाव आणि बाहेरचा व्यास जुळतात. टाकीच्या तळापासून इंधनाच्या पातळीपर्यंतची उंची म्हणजे डिप, तर वरच्या ठरावीक खुणेपासून त्याच पातळीपर्यंतचे अंतर म्हणजे अलेज. नोंदवहीत रकाना चुकला, तर साठ्याचा सगळा हिशेब चुकतो. तळाशी पाणी आहे का, हे पाहण्यासाठी डिप टेपच्या, म्हणजे टाकीत सोडायच्या मोजफितीच्या, टोकाला वॉटर पेस्ट लावतात आणि पाणी लागले तेवढ्याच भागाचा रंग बदलतो. ती रेषा एकदा स्वतः वाचली की ‘वॉटर डिप’ हा शब्द पाठ करावा लागत नाही.

नव्याने येणाऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात लाइनचा नकाशा हातात घेऊन फिटरबरोबर पूर्ण फेरी मारावी आणि प्रत्येक शब्दापुढे ती वस्तू काय अडवते, काय सोडते किंवा काय मोजते आणि तिची स्थिती डोळ्यांनी कशी ओळखायची, हे लिहावे. बॉल व्हॉल्व्हचा दांडा पाइपाला समांतर असेल तर तो उघडा आणि काटकोनात असेल तर बंद, ही माझ्या नव्या वहीतील पहिली नोंद आहे.